कुलपाआडची बंदूक

३० नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. चार विद्यार्थी ठार झाले, एका शिक्षिकेसह सात जण जखमी झाले. पिस्तूल घरचंच होतं. वडिलांनी ते चारच दिवस आधी विकत आणलं होतं. पुढे आईवडिलांवर खटला चालला, तेव्हा ज्युरीसमोर आलेल्या पुराव्यांत दोन बारीक गोष्टी होत्या. पिस्तुलाबरोबर मिळालेलं तारेचं कुलूप प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेरही काढलेलं नव्हतं. आणि इतर हत्यारांसाठी घरात जी छोटी तिजोरी होती, तिचा आकडा शून्य-शून्य-शून्य असाच ठेवलेला होता. एप्रिल २०२४ मध्ये दोघांनाही १० ते १५ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक गोळीबाराबद्दल मारेकऱ्याच्या आईवडिलांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ.

ते कुलूप त्या घरात आलं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. २००५ साली अमेरिकी संसदेने बंदूक-उत्पादकांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा एक कायदा केला. त्याच कायद्यात एक तरतूद आली, की परवानाधारक विक्रेत्याने प्रत्येक हँडगनबरोबर कुलूप किंवा तसंच एखादं साधन दिलंच पाहिजे. विकत घेणाऱ्याने ते लावलंच पाहिजे, असं मात्र तो कायदा कुठेच म्हणत नाही. तो निर्णय राज्यांवर राहिला, आणि मिशिगनमध्ये २०२१ साली घरातली बंदूक कशी ठेवावी याबद्दल कायदाच नव्हता. म्हणून सरकारी वकिलांना थेट मनुष्यवधाचं कलम लावावं लागलं. कुलूप हातात देणं आणि कुलूप लावायला भाग पाडणं यांच्यामधल्या या अंतराबद्दल हा लेख आहे. लहान मुलं किंवा किशोरवयीन मुलं ज्या घरात वावरतात, तिथे बंदूक कुलपात ठेवणं बंधनकारक करणारा कायदा कोणाचीही बंदूक काढून घेत नाही, आणि तरीही त्याने मुलांचे जीव वाचतात, असं गेल्या तीन दशकांतला बहुतेक अभ्यास सांगतो. असा कायदा अर्धवट ठेवण्याला किंवा मुळीच न करण्याला आता कोणतंही पुरेसं कारण उरलेलं नाही, असं माझं मत आहे.

प्रश्नाचा आकार आधी पाहू. अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण कित्येक दशकं मोटार-अपघात हे होतं. २०२० साली ती जागा बंदुकीने घेतली. २०२१ मध्ये १८ वर्षांखालची २,५९० मुलं बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांतले सुमारे ६० टक्के खून होते, ३२ टक्के आत्महत्या आणि ५ टक्के अपघात. आपल्याकडच्या बातम्यांत अमेरिकेतली बंदूक दिसते ती शाळेतल्या हत्याकांडापुरती. प्रत्यक्षात शाळेतले मृत्यू या आकड्याचा फार छोटा भाग आहेत. बाकीची मुलं घरात, शेजारी, मित्राच्या खोलीत, रस्त्यावर मरतात आणि त्यांची बातमी त्यांच्या गावाबाहेर जात नाही. या मृत्यूंची वाटणीही सारखी नाही. २०२१ मध्ये गोळीने मेलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ८४ टक्के खुनाचे बळी होते. गोऱ्या मुलांमध्ये ६६ टक्के मृत्यू आत्महत्येचे होते. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण कुलपाचा कायदा या दोन दुःखांवर सारखाच लागू पडत नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे. दुसरीकडे घरांमधलं चित्र असं, की प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीनुसार ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे आणि ४२ टक्के प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून संशोधकांनी अंदाज काढला, की सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक गोळ्या भरलेल्या अवस्थेत आणि कुलपाशिवाय ठेवलेली असते.

कुलपाच्या कायद्याची सुरुवात फ्लोरिडाने केली. १९८९ च्या उन्हाळ्यात तिथे मुलांच्या हाती बंदूक लागून लागोपाठ दुर्घटना घडल्या आणि बंदुकांबद्दल एरवी अतिशय उदार असलेल्या त्या राज्याच्या विधिमंडळाने देशातला पहिला कायदा केला. आज पन्नासपैकी जवळपास निम्म्या राज्यांत या जातीचा काही ना काही कायदा आहे. पण ‘काही ना काही’ या शब्दांतच सगळी मेख आहे. काही राज्यांत कायदा एवढंच म्हणतो, की जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने मुलाच्या हाती बंदूक देऊ नका. काही राज्यांत हलगर्जीपणे ठेवलेली बंदूक मुलाच्या हाती लागली तर मालक दोषी ठरतो. आणखी काहींत ती हाती लागू शकेल अशी ठेवली एवढंही पुरे होतं, प्रत्यक्ष लागण्याची वाट कायदा पाहत नाही. आणि मॅसॅच्युसेट्स, ओरेगन अशा मोजक्या राज्यांत घरात मूल असो वा नसो, बंदूक मालकाच्या ताब्यात नसेल तेव्हा ती कुलूपबंदच असली पाहिजे. पहिल्या प्रकारचा कायदा अनर्थ घडल्यावर मनातला हेतू शोधत बसतो. शेवटचा प्रकार अनर्थ घडण्याआधी एक साधी कृती मागतो.

या फरकाचा परिणाम आकड्यांत उमटलेला दिसतो. १९९१ ते २०१६ या काळातले १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचे बंदुकीने झालेले मृत्यू तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हलगर्जीपणाला शिक्षा करणाऱ्या कायद्यांच्या राज्यांत अशा मृत्यूंचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळलं. फक्त बेपर्वाईला शिक्षा करणाऱ्या कायद्यांचा मात्र असा ठळक परिणाम दिसला नाही. त्याआधी २००४ मध्ये डॅनियल वेब्स्टर आणि सहकाऱ्यांनी १४ ते १७ वर्षांच्या मुलांच्या आत्महत्या तपासल्या होत्या. ज्या राज्यांनी हे कायदे केले तिथे त्या सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाल्या. आणखी मागे गेलं तर १९९७ चा अभ्यास आहे. तेव्हा कायदा असलेली राज्यं फक्त बारा होती, आणि तिथे १५ वर्षांखालच्या मुलांचे अपघाती मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण या निष्कर्षाची पुढे छाननी झाली तेव्हा कळलं, की ही घट मुख्यतः फ्लोरिडामुळे दिसत होती. तिथे अपघाती मृत्यू निम्म्यावर आले होते, बाकीच्या राज्यांत एकत्रितपणे फारसा फरक नव्हता. फ्लोरिडाच का, याची जी कारणं चर्चेत आली त्यांतली दोन मला पटतात. मूल दगावलं तर मालकाला तिथे गंभीर गुन्ह्याची शिक्षा होऊ शकत होती, आणि पहिलाच कायदा म्हणून त्याची वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून भरपूर चर्चा झाली होती. लोकांना माहीतच नसलेला कायदा कोणाच्या कपाटाला कुलूप लावू शकत नाही.

सगळे अभ्यास एका सुरात बोलतात असं नाही. अर्थतज्ज्ञ जॉन लॉट आणि जॉन व्हिटली यांनी २००१ मध्ये लिहिलं, की या कायद्यांमुळे मुलांचे अपघाती मृत्यू किंवा आत्महत्या कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही, उलट घरमालक हतबल झाल्याने गुन्हे वाढले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणूनच अशा परस्परविरोधी अभ्यासांची एकत्र पारख करणाऱ्यांचं मत महत्त्वाचं ठरतं. रँड कॉर्पोरेशन ही संस्था बंदुकांविषयीच्या सर्व प्रकारच्या कायद्यांवरचं संशोधन गोळा करते आणि पुरावा किती भक्कम आहे त्यानुसार त्याची प्रतवारी लावते. बहुतेक कायद्यांबद्दल तिचा निष्कर्ष असा, की पुरावा अपुरा आहे, ठाम सांगता येत नाही. मुलांच्या हाती बंदूक लागू न देणारे कायदे मात्र त्या मोजक्या कायद्यांपैकी आहेत, ज्यांना तिने सर्वांत वरची श्रेणी दिली आहे. या कायद्यांनी तरुणांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा कमी होतात, असं ती संस्था म्हणते. बंदुकीच्या वादात दोन्ही बाजूंनी सोयीची आकडेवारी फेकली जाते, त्या गदारोळात एवढं मतैक्य दुर्मीळ आहे.

आणि कायदा बाजूला ठेवून नुसत्या कुलपाकडे पाहिलं तरी उत्तर तेच येतं. सिएटलचे बालरोगतज्ज्ञ डेव्हिड ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वॉशिंग्टन, ओरेगन आणि मिसुरी राज्यांतल्या मुलं असलेल्या घरांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. २० वर्षांखालच्या मुलाने स्वतःला किंवा चुकून कोणाला तरी गोळी घातली अशा घटनांमधल्या १०६ बंदुका एका बाजूला, आणि त्याच भागातल्या इतर घरांमधल्या ४८० बंदुका दुसऱ्या बाजूला. बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, गोळ्या वेगळ्या जागी ठेवणं, गोळ्यांना कुलूप लावणं या चारही सवयी दुर्घटनांच्या घरांत कमी आढळल्या. कुलूपबंद बंदुकीने असं काही घडण्याची शक्यता उघड्या बंदुकीच्या मानाने सुमारे ७३ टक्क्यांनी कमी होती. कुलूप लावणारी माणसं मुळातच जास्त सावध असतील, मुलांशी जास्त बोलत असतील, असं कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य असूही शकतं. पण चार वेगवेगळ्या सवयी आणि चारही एकाच दिशेने बोट दाखवतात, हे केवळ स्वभावाच्या फरकाने उलगडत नाही.

कुलूप इतकं काम कसं करतं, हे कळायला आत्महत्येच्या विचाराची गती कळावी लागते. आपल्या मनात असं असतं, की जीव द्यायचं ठरवलेला माणूस काहीही करून तो देतोच. एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल. संशोधन याच्या अगदी उलट सांगतं. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात मरता मरता वाचलेल्या १३ ते ३४ वर्षांच्या व्यक्तींशी संशोधक बोलले. निर्णय आणि कृती यांच्यात पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती, असं त्यांच्यापैकी २४ टक्के जणांनी सांगितलं. किशोरवयात तर परीक्षेतलं अपयश, प्रेमभंग, घरातली बोलणी, इंटरनेटवरची बदनामी यांचं ओझं त्या क्षणी डोंगराएवढं वाटतं आणि चार दिवसांनी त्याचा आकार बदलतो. जे वाचतात त्यांच्यापैकी दहातले नऊहून अधिक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे तो क्षण टळला तर बहुतेकदा आयुष्यच वाचतं. बंदुकीची अडचण हीच, की ती तो क्षण टळू देत नाही. बंदुकीने केलेले दहातले जवळपास नऊ प्रयत्न प्राणघातक ठरतात, मन बदलायला, कोणी धावून यायला, दवाखान्यात न्यायला वेळच उरत नाही. कुलपाने मिळतो तो हा वेळ. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६ या मदतवाहिन्यांच्या क्रमांकांवर पलीकडे बोलणारं माणूस चोवीस तास असतं, पण फोन उचलायला आधी काही मिनिटं हातात असावी लागतात.

याचा मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा इस्रायलच्या सैन्यातून येतो. तिथे १८ ते २१ वर्षांची मुलं सक्तीची लष्करी सेवा करतात आणि पूर्वी ती शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुटीत घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये सैन्याने नियम बदलला आणि सुटीवर जाताना शस्त्र छावणीतच ठेवायला लावलं. त्यानंतर सैनिकांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. घट झाली ती मुख्यतः सुटीच्या दिवसांत, आठवड्याच्या इतर दिवसांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे घरी बंदूक न मिळालेली मुलं शनिवारी थांबून रविवारी छावणीत परतल्यावर जीव द्यायला निघाली नाहीत. कोणाची नेमणूक बदलली नव्हती, बंदुकीवर बंदी आली नव्हती, आणि तिथल्या तरुणांचं दुःखही रातोरात कमी झालं नव्हतं. बंदूक आणि मुलगा यांच्यामध्ये दोन दिवसांचं अंतर पडलं होतं, एवढंच.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. आपल्या खेड्यांत बंदूक नाही, पण कीटकनाशकाची बाटली घराघरात आहे, आणि त्या बाटलीने विदर्भात-मराठवाड्यात काय केलंय ते आपण पाहतो. मग तिला कुलूप लावून पाहिलं तर? हा प्रयोग शेजारच्या श्रीलंकेत झाला आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १८० गावांतल्या ५३ हजारांहून अधिक घरांचा समावेश असलेल्या या अभ्यासात निम्म्या गावांतल्या शेतकरी कुटुंबांना कीटकनाशक ठेवायला कुलपाची पेटी दिली गेली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला तो निराश करणारा होता. पेटी दिलेल्या गावांत विषप्राशनाचं प्रमाण कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. श्रीलंकेत आत्महत्या प्रचंड घटल्या त्या अत्यंत विषारी कीटकनाशकांवर सरकारने टप्प्याटप्प्याने घातलेल्या बंदीमुळे. कुलपाची बाजू मांडणाऱ्याने हा अभ्यास लपवू नये, कारण त्यातून कुलपाची मर्यादा नेमकी कळते. विष घेणारे बहुतांश प्रौढ होते, आणि पेटीची किल्ली त्यांच्याच घरात, पुष्कळदा त्यांच्याच हातात होती. स्वतःच्याच किल्लीपासून कुलूप कोणाला वाचवत नाही. बंदुकीच्या मालकाच्या स्वतःच्या आत्महत्येबद्दलही हेच खरं आहे, आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात, त्यांत प्रौढांची संख्या फार मोठी आहे. कुलपाच्या कायद्याकडून त्या सगळ्यांना वाचवण्याची अपेक्षा ठेवणं चूक ठरेल. ज्याच्याकडे किल्ली नसावी त्याच्यासाठी हा कायदा आहे, आणि मूल हे त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण.

अर्थात किल्ली मुलाकडे खरोखरच नसावी लागते. ग्रामीण अलाबामात झालेल्या एका पाहणीत आईवडील आणि मुलं यांना वेगवेगळं विचारलं गेलं. बंदूक कुठे ठेवली आहे हे आमच्या मुलांना माहीत नाही, असं म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. बंदुकीला मुलाने कधी हात लावलेला नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी लावल्याचं सांगितलं. गादीखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर, बुटांच्या खोक्यात लपवलेली बंदूक मुलापासून लपलेली नसते, आपल्याला फक्त तसं वाटत असतं. लपवणं आणि कुलूप लावणं यांत कायद्याने स्पष्ट फरक करायला हवा तो यासाठी.

मग मुलांना शिकवा, असं बंदूकवाल्यांच्या संघटनांचं जुनं म्हणणं आहे. नॅशनल रायफल असोसिएशनचा ‘एडी ईगल’ हा कार्यक्रम १९८८ पासून लहान मुलांना सांगतो, की बंदूक दिसली तर थांबा, हात लावू नका, तिथून निघा आणि मोठ्यांना सांगा. शिकवण उत्तम आहे, शिकवायलाही हवी. पण तिच्या भरवशावर किती राहावं? अटलांटामध्ये डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना दोघातिघांच्या गटाने एका खोलीत बसवलं. खोलीतल्या खणात एक खरी, पण निकामी केलेली हँडगन ठेवली होती. २९ पैकी २१ गटांना ती सापडली. १६ गटांतल्या मुलांनी ती हाताळली आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांनी ती हाताळली त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काहीतरी शिकवलेलं होतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलावर मात करायची जबाबदारी त्याच मुलावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. हत्यार मोठ्या माणसाने आणलं आहे, तेव्हा सावधगिरीचं ओझंही त्यानेच वाहिलं पाहिजे.

सगळ्यात जोरकस आक्षेप स्वसंरक्षणाचा. बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकनांपैकी ७२ टक्के संरक्षण हे प्रमुख कारण सांगतात. रात्री दोन वाजता कोणी दार फोडून आत आलं तर अंधारात किल्ली शोधत बसायचं का, हा त्यांचा सवाल. या भीतीला अमेरिकेत घटनात्मक वजनही आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘हेलर’ खटल्यात वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला. घरातली बंदूक कायम सुटी करून किंवा ट्रिगर लॉक लावूनच ठेवा, असं तो नियम सांगत होता, आणि स्वसंरक्षणासाठी लागलीच तरी ती वापरण्याला त्यात मुभा नाही असा न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही लिहिलं, की अपघात टाळण्यासाठी बंदूक ठेवण्याचे नियम घालणाऱ्या कायद्यांच्या वैधतेला या विवेचनाने धक्का लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा कुलपाचा नियम २०१४ मध्ये अपिली न्यायालयात टिकला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. या नियमांचा आशय एवढाच, की बंदूक अंगावर किंवा हाताशी, स्वतःच्या ताब्यात असेल तर कुलपाची सक्ती नाही; ती सोडून गेलात, झोपलात, तर कुलूप लावा. आणि आता बोटाच्या ठशावर किंवा चार कळांवर काही सेकंदांत उघडणाऱ्या पेट्या बाजारात सर्रास मिळतात. न आलेल्या चोरासाठी त्या काही सेकंदांची किंमत मोजायची, की घरात रोज वावरणाऱ्या मुलाच्या रोजच्या धोक्याची, हा हिशोब कुटुंबाने नीट मांडला तर उत्तर अवघड नाही.

आणखी एक म्हणणं असं, की गुन्हेगार कुलूप लावत नाहीत, मग शहरांतल्या टोळीयुद्धांत मरणाऱ्या मुलांचं काय? या आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो. शिकागो किंवा बाल्टिमोरच्या रस्त्यांवर मरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा प्रश्न घरातल्या कुलपाने सुटणार नाही. त्यामागे गरिबी, काळा बाजार, वस्त्यांची उपेक्षा आणि पोलिसांवरचा अविश्वास आहे, त्यावर वेगळे आणि खर्चिक उपाय लागतील. पण चोरीच्या हत्यारांवर पोसलेल्या त्या बाजाराला कुलूप थोडं तरी आवळतं. आणि शाळांमधल्या हल्ल्यांच्या बाबतीत तर हा आक्षेप उभाच राहत नाही. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या दहा वर्षांतल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. बंदूक वापरलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्के हल्ल्यांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आलेली होती, आणि जवळपास निम्म्या प्रकरणांत ती सहज मिळेल अशी किंवा नावापुरतीच सुरक्षित ठेवलेली होती. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात सहा वर्षांच्या मुलाने वर्गातच शिक्षिकेवर गोळी झाडली, ती आईच्या पिस्तुलातून. सहा वर्षांचं मूल काळ्या बाजारात जात नाही.

शेवटची हरकत मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. मूल गेलेल्या आईबापांना तुरुंगात टाकून काय मिळणार? मिशिगनने आपला कायदा २०२३ मध्ये केला, तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लिंट शहरात दोन वर्षांच्या मुलीला घरात उघड्यावर ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सापडलं. ती गंभीर जखमी झाली, आणि नव्या कायद्याखालचा पहिला आरोप तिच्या वडिलांवर लागला. अशा खटल्यांत शिक्षा गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांवरच जास्त कोसळेल, ही भीतीही निराधार नाही. म्हणून कायद्याचा भर शिक्षेच्या वर्षांवर असू नये, असं मला वाटतं. कुलूप नसणं हेच दंडनीय ठरवा, दंड छोटा ठेवा आणि कुलपं फुकट वाटा. मिशिगनने कायद्याबरोबरच कुलपं आणि तिजोऱ्यांवरचा विक्रीकर काही काळ माफ केला, ते योग्यच होतं. तान्ह्या मुलांच्या मोटारीतल्या खुर्च्या अमेरिकेत घराघरांत पोचल्या त्या अशाच, कायदा, फुकट वाटप आणि डॉक्टरांचा आग्रह यांच्या जोरावर. बंदुकीच्या बाबतीत डॉक्टरांचं तोंड बंद करण्याचाही प्रयत्न झाला. ज्या फ्लोरिडाने पहिला कायदा केला, त्याच राज्याने २०११ मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला घरातल्या बंदुकीबद्दल विनाकारण विचारण्यावर निर्बंध घातले. सहा वर्षं तो वाद न्यायालयांत चालला, आणि २०१७ मध्ये अपिली न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याचा भंग म्हणून ते निर्बंध रद्द केले. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक गणित मांडलं होतं. मुलं असलेल्या आणि उघडी बंदूक ठेवणाऱ्या घरांपैकी फक्त २० टक्के घरांनी कुलूप लावायला सुरुवात केली, तरी मुलांच्या आत्महत्या आणि अपघात मिळून होणाऱ्या बंदुकीच्या मृत्यूंपैकी ६ ते ३२ टक्के टळू शकतील. इतक्या घरांचं मन डॉक्टरांच्या दोन वाक्यांनी आणि फुकट मिळालेल्या पेटीने वळू शकतं.

हा विषय मराठी माणसांपासून दूरचा वाटला तरी न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात वाढणारी हजारो मराठी मुलं रोज शाळेनंतर मित्रांकडे खेळायला जातात, तिथेच रात्री राहतात. आपल्या घरात बंदूक नाही म्हणून आपलं मूल सुरक्षित, हा हिशोब तिथे चालत नाही, कारण दहातल्या चार प्रौढांचं घर बंदुकीचं घर आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना कित्येक वर्षं सांगते आहे, की मुलाला कोणाकडे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असेल तर ती कुलपात आहे का? शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुत्रा बांधलेला आहे ना, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे ना, हे आपले लोक आता न संकोचता विचारतात. बंदुकीबद्दल विचारताना मात्र समोरच्याला काय वाटेल म्हणून जीभ अडखळते. बंदूक बाळगणाऱ्या बहुतेक आईबापांना या प्रश्नाचा राग येत नाही, कारण मुलं त्यांनाही आहेत. आणि ज्याने कुलूप लावलेलं आहे तो ते लगेच सांगतो. ज्या राज्यात कायदा नाही तिथे तर हा प्रश्नच तूर्त कायद्याची जागा भरून काढतो. कुलपाबद्दलचं उत्तर नकारार्थी आलं किंवा प्रश्न टाळला गेला, तर मुलांना आपल्याच घरी खेळायला बोलवावं.